संदर्भ : स्पायरोमेट्री चाचणी अचूक आणि सुरक्षित केव्हा ठरते?

नवी दिल्ली : दम लागण्याची तक्रार घेऊन आलेल्या रुग्णाला डॉक्टर ‘पीएफटी करून या’ असे सांगतात, तेव्हा बहुतेक वेळा त्यांना स्पायरोमेट्री अभिप्रेत असते. टेबलावर मावेल एवढे यंत्र, तोंडात धरण्याची नळी, नाकाला लावायचा चिमटा आणि साधारण अर्ध्या तासाचा वेळ एवढेच तिला लागते. सुई टोचली जात नाही, रक्त काढले जात नाही, क्ष-किरणांचाही संबंध येत नाही. त्यामुळे ही चाचणी सोपी समजली जाते. प्रत्यक्षात रुग्णालयातील नेहमीच्या तपासण्यांमध्ये क्वचितच एखादीचा निकाल माणसांवर इतका अवलंबून असतो. रुग्णाने पूर्ण श्वास घेतला नाही किंवा तंत्रज्ञाने त्याला अर्ध्यावर थांबू दिले, तर उत्तम यंत्रही चुकीचाच आकडा छापते.

या आकड्यावर बरेच काही ठरते. इनहेलर सुरू करायचा की नाही, शस्त्रक्रियेसाठी भूल देणे कितपत धोक्याचे आहे, खाणीतील कामगार कामासाठी तंदुरुस्त आहे का, धुळीमुळे आजारी पडलेल्या माणसाच्या फुप्फुसांची हानी किती झाली, या प्रश्नांची उत्तरे देताना स्पायरोमेट्रीचा कागद पुढे ठेवला जातो. ‘ग्लोबल बर्डन ऑफ डिसीज’ अभ्यासाच्या अंदाजानुसार भारतात सीओपीडी, म्हणजे श्वसनमार्ग कायमचा अरुंद करणाऱ्या दीर्घकालीन आजाराचे रुग्ण १९९० मध्ये सुमारे २ कोटी ८१ लाख होते. २०१६ मध्ये ही संख्या ५ कोटी ५३ लाखांवर पोहोचली. या आजाराचे खात्रीचे निदान स्पायरोमेट्रीखेरीज होत नाही. छातीवर स्टेथोस्कोप ठेवून किंवा एक्स-रे पाहून तो हमखास ओळखता येत नाही.

दोन आकडे आणि त्यांचे गुणोत्तर

फुप्फुसांतील हवा मोजण्याची कल्पना जुनी आहे. लंडनमधील वैद्य जॉन हचिन्सन यांनी १८४६ मध्ये दोन हजारांहून अधिक व्यक्तींच्या मोजमापांवर आधारलेला प्रबंध प्रसिद्ध केला. पाण्यात उलट्या ठेवलेल्या भांड्यात माणसाने श्वास सोडायचा आणि भांडे किती वर उचलले जाते ते पाहायचे, अशी त्यांच्या यंत्राची रचना होती. ही क्षमता माणसाच्या उंचीबरोबर ठरावीक प्रमाणात वाढते, हे त्यांनीच दाखवले. मात्र किती हवा बाहेर पडली याबरोबरच ती किती वेगाने बाहेर पडली हेही पाहिले पाहिजे, ही जाण वैद्यकात रुजायला आणखी शंभर वर्षे लागली. फ्रान्समध्ये तिफनो आणि पिनेली यांनी १९४७ मध्ये ठरावीक वेळेत जोराने सोडलेल्या श्वासाच्या मोजमापाला निदानात स्थान दिले.

आजच्या अहवालातही मुख्य आकडे हेच आहेत. छाती पूर्ण भरून जोराने सोडलेली एकूण हवा म्हणजे एफव्हीसी आणि त्यातील पहिल्या सेकंदात बाहेर पडलेली हवा म्हणजे एफईव्ही-१. दुसऱ्या आकड्याला पहिल्याने भागल्यावर येणारे गुणोत्तर कमी असेल, तर श्वसनमार्गात अडथळा आहे असे मानले जाते. गुणोत्तर ठीक, पण एफव्हीसी कमी असेल, तर फुप्फुसे आकुंचित झाल्याची शंका येते. ती शंकाच असते. खात्रीसाठी फुप्फुसांची एकूण धारणक्षमता वेगळ्या उपकरणाने मोजावी लागते. एफव्हीसी कमी येण्याचे सर्वांत साधे कारण रुग्णाने फुंकणे लवकर थांबवले हेही असू शकते. आजार आणि अपुरी फुंक यांतील फरक केवळ आकड्यांवरून कळत नाही. तो कळतो आलेखावरून, आणि अनेक अहवालांत नेमका आलेखच अस्पष्ट छापलेला किंवा गाळलेला असतो.

तीन लिटरची सिरिंज

अमेरिकन थोरॅसिक सोसायटी आणि युरोपियन रेस्पिरेटरी सोसायटी यांनी संयुक्तपणे ठरवलेले मानक जगभर प्रमाण मानले जाते. त्याची सुधारित आवृत्ती २०१९ मध्ये आली. त्याच वर्षी इंडियन चेस्ट सोसायटी आणि नॅशनल कॉलेज ऑफ चेस्ट फिजिशियन्स यांनी भारतीय परिस्थितीसाठी संयुक्त मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. चाचणी ज्या दिवशी घ्यायची, त्या दिवशी यंत्राची पडताळणी झालीच पाहिजे, असा या मानकाचा दंडक आहे.

पडताळणीसाठी ३ लिटर हवा मावणारी मोठी सिरिंज वापरतात. तिचा दट्ट्या एकदा जलद, एकदा मध्यम गतीने आणि एकदा सावकाश रेटून यंत्र किती हवा मोजते ते पाहिले जाते. प्रत्येक गतीला उत्तर २.९१ ते ३.०९ लिटरच्या आत, म्हणजे तीन टक्क्यांच्या मर्यादेत यावे लागते. एकाच गतीने तीनदा रेटून ‘पास’ अशी नोंद करणे ही नेहमीची पळवाट. मात्र सीओपीडीचा रुग्ण शेवटची हवा अत्यंत मंद गतीने सोडतो आणि तंदुरुस्त तरुण सुरुवातीला प्रचंड वेगाने फुंकतो. यंत्राने या दोन्ही टोकांना बरोबर मोजले पाहिजे. टर्बाइनच्या, म्हणजे फिरत्या पात्याच्या यंत्रात केस किंवा धूळ अडकली, तर मंद हवेचे मोजमाप आधी बिघडते. जाळीच्या संवेदकावर थुंकीचे थेंब किंवा वाफ साचली, तर हवेला अडथळा वाढतो आणि प्रवाह आहे त्यापेक्षा जास्त दिसू लागतो.

चाचणीत फिल्टर वापरणार असतील, तर पडताळणीही फिल्टर लावूनच करायची असते. सिरिंज यंत्राच्या खोलीतच ठेवावी, म्हणजे दोन्हींचे तापमान सारखे राहते. ती हातातून पडली किंवा ठोकर लागली, तर तिचीच अचूकता संशयास्पद ठरते. गळती नाही ना, हे दर महिन्याला पाहावे लागते. याखेरीज, प्रयोगशाळेतीलच एखाद्या निरोगी, धूम्रपान न करणाऱ्या कर्मचाऱ्याने ठरावीक दिवसांनी स्वतः फुंकून आपले आकडे नोंदवत राहावे, ही जुनी पद्धत आजही उपयोगी आहे. त्याचा आकडा अचानक बदलला, तर दोष बहुधा यंत्रात असतो. सिरिंजला न दिसणारा बिघाड अशा वेळी माणसाच्या श्वासाने पकडला जातो.

तापमानाचा मुद्दा भारतात विशेष महत्त्वाचा आहे. फुप्फुसांतील हवा ३७ अंश सेल्सियसची आणि बाष्पाने भरलेली असते. बाहेर येताच ती थंड होऊन आकसते. म्हणून यंत्राला मोजलेला आकडा शरीराच्या तापमानाला वाढवून घ्यावा लागतो. पाण्याच्या जुन्या यंत्रांसाठी वापरल्या जाणाऱ्या तक्त्यानुसार खोलीचे तापमान २० अंश असताना ही वाढ सुमारे १० टक्के, तर ३० अंशांना साडेचार टक्क्यांच्या आसपास असते. आधुनिक यंत्रे हे गणित आपापल्या पद्धतीने करतात, पण त्यांनाही खोलीचे खरे तापमान ठाऊक असावे लागते. सकाळी वातानुकूलित खोलीत पडताळणी करून दुपारी तेच यंत्र नागपूर किंवा अहमदाबादच्या उन्हाळ्यात मंडपातील शिबिरात नेले, आणि तापमानाची नोंद बदलली नाही, तर पडताळणी केली काय आणि न केली काय सारखेच.

पंख्याचेही तसेच. अनेक यंत्रे प्रत्येक फुंकेपूर्वी ‘शून्य’ ठरवतात. त्या दोन-चार सेकंदांत नळीतून वारा वाहत असेल, तर यंत्र त्या झुळकेलाच शून्य समजते आणि पुढच्या संपूर्ण फुंकेत ती चूक मिसळते. माणूस फुंकून थांबल्यावरही आलेख वर चढतच राहिला, तर हा दोष ओळखता येतो. अशा वेळी नळीचे तोंड बंद धरून शून्य पुन्हा ठरवणे एवढाच उपाय पुरतो.

फुंकण्यापूर्वीचा हिशेब

रुग्णाचा आकडा ‘अपेक्षित’ आकड्याशी ताडून पाहिला जातो. अपेक्षित आकडा वय, उंची आणि लिंग यांवरून निघतो. त्यामुळे उंची विचारून लिहिणे ही किरकोळ सवलत राहत नाही. साधारण ४ लिटर अपेक्षित क्षमता असलेल्या प्रौढाच्या उंचीत ५ सेंटिमीटरची चूक झाली, तर अपेक्षित आकडा सुमारे पाव लिटरने सरकतो. चपला काढून, टाचा जुळवून, भिंतीला टेकून आणि समोर बघत उभे केल्यावरच उंची घ्यावी. पाठीला बाक असेल किंवा उभे राहता येत नसेल, तर दोन्ही हात आडवे पसरून बोटांच्या टोकांमधील अंतर मोजतात.

वयाची अडचण खास आपल्याकडची. शाळेत नाव घालताना गुरुजींनी लिहिलेली १ जून ही जन्मतारीख महाराष्ट्रातील एका मोठ्या पिढीच्या कागदपत्रांवर आहे. देशाच्या अनेक भागांत १ जानेवारीचे तसेच आहे. प्रौढ वयात एफईव्ही-१ वर्षाला साधारण २५ ते ३० मिलिलिटरने नैसर्गिकपणेच घटते. वयात एक-दोन वर्षांचा फरक खपून जातो, सात-आठ वर्षांचा मात्र निष्कर्ष बदलू शकतो. कागदावरील तारीख शंकास्पद वाटल्यास तंत्रज्ञाने तसा शेरा लिहिणे योग्य.

चाचणीच्या आधी एक तास धूम्रपान आणि दमवणारा व्यायाम टाळावा, आठ तास मद्य घेऊ नये, पोटाला किंवा छातीला आवळणारे कपडे सैल करावेत. घट्ट बसणारी कवळी काढायची नसते, कारण ती काढल्यास ओठ नळीभोवती नीट मिटत नाहीत. सैल कवळी मात्र काढून ठेवावी. गुटखा आणि सुपारीमुळे तोंड पुरेसे न उघडणाऱ्या रुग्णांची संख्या भारतात मोठी आहे. त्यांच्याकडून हवा ओठांच्या कडेने निसटते आणि अहवालात फुप्फुसे दुबळी ठरतात. निदानासाठी चाचणी असेल, तर इनहेलर किती तास बंद ठेवायचा हे औषधानुसार ठरते. साल्बुटामॉलसाठी ४ ते ६ तास पुरतात, दीर्घकाळ परिणाम करणाऱ्या औषधांना २४ ते ४८ तास लागतात. ही सूचना डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहून द्यायला हवी. रुग्णाने स्वतःच्या मनाने औषध थांबवू नये, आणि त्रास वाढल्यास चाचणीचा विचार न करता ते घ्यावे.

‘अजून, अजून, अजून’

छाती शक्य तेवढी भरायची, क्षणही न थांबता स्फोटासारखी फुंक मारायची, हवा संपेपर्यंत फुंकत राहायचे आणि मग पुन्हा पूर्ण श्वास आत ओढायचा. सांगायला चार पायऱ्या, करायला कठीण. बहुतेक रुग्ण पहिल्या प्रयत्नात मेणबत्ती विझवल्यासारखे फुंकतात. तंत्रज्ञाने आधी स्वतः करून दाखवावे आणि मग रुग्ण फुंकत असताना त्याच्या शेजारी उभे राहून त्याला अक्षरशः ओरडून प्रोत्साहन द्यावे, अशी अपेक्षा आहे. येथे भाषा निर्णायक ठरते. सुरतेत काम करणारा खानदेशी कामगार किंवा मुंबईतील बांधकामावरचा बिहारी मजूर, यांना न समजणाऱ्या भाषेत सूचना दिल्या, तर त्यांची फुंक अर्धीच राहणार.

प्रयत्न ग्राह्य केव्हा मानायचा, याचे नियम स्पष्ट आहेत. सुरुवात अडखळत झालेली नसावी; पहिल्या सेकंदात खोकला आलेला नसावा; शेवटी आलेख सपाट झालेला असावा, म्हणजे अखेरच्या एका सेकंदात २५ मिलिलिटरपेक्षा जास्त हवा बाहेर पडलेली नसावी, किंवा फुंक १५ सेकंदांपर्यंत चाललेली असावी. असे किमान तीन ग्राह्य प्रयत्न हवेत आणि सहा वर्षांवरील व्यक्तींमध्ये त्यांतील सर्वांत मोठ्या दोन आकड्यांत १५० मिलिलिटरहून अधिक फरक नसावा. प्रौढांना आठ प्रयत्नांनंतर सहसा थांबवतात. एकदाच फुंकून घेऊन दिलेल्या अहवालाला या कसोटीवर काही किंमत उरत नाही, कारण आकडा रुग्णाचा आहे की त्या एका फुंकेचा, हे ठरवण्याचा मार्गच शिल्लक नसतो.

योग्य प्रशिक्षण आणि देखरेख असेल, तर हे सारे रुग्णालयाबाहेरही साधते. श्वसनमार्गाच्या आजारांचे प्रमाण शोधणाऱ्या ‘बोल्ड’ या आंतरराष्ट्रीय अभ्यासात मुंबई, पुणे, म्हैसूर आणि श्रीनगर ही भारतीय केंद्रे होती. तेथे नोंदवलेले आलेख केंद्रीय पातळीवर तपासले जात आणि दर्जा घसरलेल्या तंत्रज्ञाला पुन्हा प्रशिक्षण घ्यावे लागे. आपल्याकडील बहुसंख्य चाचण्यांना असा दुसरा डोळा मिळत नाही.

दमा आणि सीओपीडी यांत फरक करण्यासाठी साल्बुटामॉलचे १०० मायक्रोग्रॅमचे चार डोस स्पेसरमधून देऊन १५ मिनिटांनी चाचणी पुन्हा घेतात. गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात ही १५ मिनिटे पाच-सहावर येतात, तेव्हा औषधाचा पूर्ण परिणाम होण्याआधीच रुग्णाला ‘औषधाने फरक पडत नाही’ असा शिक्का बसू शकतो.

धोका कुणाला

निरोगी माणसाला चक्कर येणे, डोके हलके वाटणे, खोकल्याची उबळ येणे यापलीकडे सहसा काही होत नाही. तरीही चाचणी बसवूनच घ्यावी, खुर्चीला हात असावेत आणि चाके नसावीत. जोराने फुंकताना छातीत, पोटात, डोळ्यांत आणि मेंदूभोवती दाब वाढतो, म्हणून काही रुग्णांची चाचणी पुढे ढकलतात. हृदयविकाराचा झटका, डोळ्याची किंवा कानाची शस्त्रक्रिया यानंतर किमान एक आठवडा. छाती, पोट किंवा मेंदूच्या शस्त्रक्रियेनंतर चार आठवडे. फुप्फुसाभोवती हवा साठलेली असेल, मेंदूतील रक्तवाहिनीला फुगा असेल किंवा गर्भारपणाचे शेवटचे दिवस असतील, तर निर्णय डॉक्टरांनी घ्यायचा असतो. चाचणी सुरू असताना एफईव्ही-१ पहिल्या आकड्याच्या ८० टक्क्यांखाली घसरला, तर तेथेच थांबतात.

भारतात सर्वांत मोठी खबरदारी क्षयरोगाची. दोन-तीन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळचा ताप, वजनात घट किंवा थुंकीतून रक्त अशी लक्षणे असल्यास आधी थुंकीची तपासणी आणि एक्स-रे, मगच स्पायरोमेट्री, हा क्रम उलटता कामा नये. पूर्ण जोराने सोडलेला श्वास आणि त्यामागून येणारा खोकला बंद खोलीत जंतू पसरवण्यासाठी पुरेसे असतात. त्यात पुढचा रुग्ण त्याच नळीतून श्वास आत ओढणार असतो. म्हणून प्रत्येकाला नवा माऊथपीस आणि नवा जंतुरोधक फिल्टर, नाकाच्या चिमट्याची स्वच्छता किंवा बदल, हात धुणे आणि उघड्या खिडक्या आवश्यक. फिल्टरचा खर्च वाचवण्यासाठी तो दुसऱ्यांदा वापरणे अक्षम्य आहे; पुठ्ठ्याची साधी नळी बदलली म्हणजे फिल्टर बदलला असे होत नाही.

‘नॉर्मल’ कुणाच्या मापाने?

अचूक चाचणीनंतरही एक प्रश्न उरतो. अपेक्षित आकडा कोणत्या लोकसंख्येवरून काढला? परदेशी यंत्रांत अनेकदा युरोपीय वंशाच्या लोकांची समीकरणे आधीच भरलेली असतात. भारतीयांचे सरासरी आकडे त्यापेक्षा कमी येतात, म्हणून सरसकट १० टक्के वजा करण्याची प्रथा पडली. ती शास्त्राला धरून नाही. दिल्ली, मुंबई, चेन्नई, कोलकाता येथील संशोधकांनी आपापल्या भागांसाठी स्वतंत्र समीकरणे तयार केली आहेत. २०१२ च्या जागतिक समीकरणांत भारतीयांसाठी वेगळा गट नव्हता. २०२२ मध्ये वंशाचा रकाना वगळलेले एकच जागतिक समीकरण आले आणि अमेरिकन थोरॅसिक सोसायटीने २०२३ मध्ये त्याची शिफारस केली. त्यानेही प्रश्न मिटला असे नाही, कारण कमी आकडे जन्मजात की कुपोषण, धूर आणि बालपणीच्या संसर्गामुळे आलेले, हा वाद सुरूच आहे.

परिणाम मात्र ठोस असतात. समजा एखाद्याची क्षमता २.६ लिटर भरली. एका समीकरणाने अपेक्षित आकडा ३.५ लिटर असेल, तर तो ७४ टक्के. दुसऱ्याने ३ लिटर असेल, तर ८७ टक्के. ८० टक्क्यांची रूढ रेषा धरली, तर तोच माणूस एका कागदावर आजारी आणि दुसऱ्यावर निरोगी. सिलिकोसिस, ॲस्बेस्टोसिस आणि कापसाच्या धुळीने होणारा बिसिनोसिस या आजारांचा कारखाने अधिनियम, १९४८ च्या अनुसूचीत समावेश होता. खाण कामगारांच्या नियतकालिक तपासणीतही फुप्फुस कार्य चाचणी असते. अशा ठिकाणी समीकरण मध्येच बदलणे म्हणजे फूटपट्टी बदलण्यासारखे. बिसिनोसिसमध्ये तर पाळीच्या आधी आणि नंतर एकाच दिवशी चाचणी करतात. अमेरिकेच्या कापूसधूळ नियमात ५ टक्के किंवा २०० मिलिलिटरची घट दखलपात्र मानली आहे. सकाळी आणि संध्याकाळी यंत्रच दोन-तीन टक्क्यांनी इकडे-तिकडे होत असेल, तर खरी घट त्यात बुडून जाते किंवा नसलेली दिसू लागते. उलट बाजूही लक्षात ठेवण्यासारखी : सुरुवातीच्या सिलिकोसिसमध्ये स्पायरोमेट्री पूर्णपणे नॉर्मल येऊ शकते, त्यामुळे केवळ तिच्या आधारे धुळीचा आजार नाही असे म्हणता येत नाही.

चांगल्या अहवालात किमान तीन फुंकांचे आकडे आणि आलेख, वापरलेल्या समीकरणाचे नाव, खोलीचे तापमान, पडताळणीची तारीख, तंत्रज्ञाचा शेरा आणि दर्जाची श्रेणी असते. ‘ए’ श्रेणी सर्वांत विश्वासार्ह, तर ‘एफ’ म्हणजे ग्राह्य धरण्याजोगा एकही प्रयत्न मिळाला नाही. रुग्ण हा अहवाल मागू शकतो आणि तो जपून ठेवणे फायद्याचे असते, कारण वर्षभरानंतरच्या चाचणीत डॉक्टर आधी जुना आकडाच पाहतात. वर्षभरात एफईव्ही-१ मध्ये १५ टक्क्यांहून अधिक बदल दिसला, तर तो दखल घेण्याजोगा मानला जातो. त्याहून कमी असेल, तर औषध वाढवण्याआधी चाचणी पुन्हा करून घेतात, शक्यतो त्याच यंत्रावर आणि दिवसाच्या त्याच वेळी.